भिंत पाहिलीत, शाळा पाहिली का?

माझी एक जुनी विद्यार्थिनी सध्या डब्लिनमध्ये एम.एस्सी. करते आहे. दहावीपर्यंत ती आमच्या उर्दू शाळेत होती, मराठी माझ्याकडे शिकली. मध्यंतरी तिच्या विद्यापीठाने परदेशी विद्यार्थ्यांसाठी तीन दिवसांची शैक्षणिक सहल काढली. डब्लिनहून बसने बेलफास्ट, तिथून डेरी आणि परत. सहलीचा विषय होता आयरिश संस्कृती, अस्मिता आणि शांतता. पहिल्याच रात्री तिचा फोटो आला. एक उंच भिंत, तिच्यावर जगभरच्या लोकांनी मार्करने लिहिलेल्या ओळी, आणि एका कोपऱ्यात माझ्या ओळखीचं अक्षर. उर्दूत ‘अमन’ आणि त्याखाली मराठीत ‘शांतता’. सोबत निरोप होता, “सर, तुमच्या दोन्ही भाषा बेलफास्टला पोचल्या.”

शिक्षकाला यापेक्षा मोठा पगार कुठला? मी तो फोटो घरात सगळ्यांना दाखवला. सहल संपल्यावर तिचा फोन आला तेव्हा विचारलं, “काय काय पाहिलंस, बेटा?” तिने यादी सांगितली. टायटॅनिक जहाजाचं संग्रहालय, दोन्ही बाजूंची भित्तिचित्रं, काळ्या टॅक्सीतून फेरी, ती भिंत, डेरीची तटबंदी आणि नदीवरचा पूल.

“आणि एखादी शाळा?”

ती थांबली. मग म्हणाली, “शाळा? नाही सर. शाळेत काय पाहायचं असतं?”

तिचा दोष नाही. सहल आखणाऱ्यांनाही हा प्रश्न पडला नसावा. पण मला वाटतं, उत्तर आयर्लंडमध्ये शांतता कशी आली, किती आली आणि कुठे अडली आहे हे समजून घ्यायचं असेल, तर भिंतीपेक्षा शाळेचा पट जास्त सांगतो.

आधी थोडा इतिहास. आयर्लंड हे एक बेट आहे, त्यावर दोन राज्यव्यवस्था आहेत. १९२१ साली बेटाची फाळणी झाली. ईशान्येचे सहा जिल्हे ‘उत्तर आयर्लंड’ म्हणून ब्रिटनबरोबर राहिले, उरलेला भाग पुढे स्वतंत्र प्रजासत्ताक झाला. उत्तरेत प्रोटेस्टंट बहुसंख्य होते, त्यांतल्या बहुतेकांना ब्रिटनसोबत राहायचं होतं. कॅथलिक अल्पसंख्य होते आणि त्यांतल्या बहुतेकांना एकसंध आयर्लंड हवं होतं. घरं, नोकऱ्या, मतदारसंघांची आखणी यांत कॅथलिकांवर अन्याय होत होता. १९६०च्या दशकात नागरी हक्कांची चळवळ उभी राहिली, ती चिरडण्याचे प्रयत्न झाले आणि पाठोपाठ बंदुका आल्या. पुढच्या तीस वर्षांत साडेतीन हजारांहून अधिक माणसं मेली. तिथले लोक या काळाला ‘ट्रबल्स’ म्हणतात. १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला. २२ मे रोजी त्यावर जनमत घेतलं गेलं. उत्तरेत ७१ टक्के आणि दक्षिणेत ९४ टक्के लोकांनी त्याला होकार दिला.

हा झगडा मजहबचा नव्हता. कुणी कुणाशी येशूच्या शिकवणुकीवरून भांडत नव्हतं. मजहब ही फक्त ओळखीची पाटी होती. नाव काय, कुठल्या गल्लीत राहतोस आणि कुठल्या शाळेत जातोस, एवढ्यावर माणूस कुठल्या बाजूचा हे ठरायचं. यातला तिसरा प्रश्न लक्षात ठेवा, त्याच्याकडे पुन्हा यायचं आहे.

आपल्याकडच्या प्रत्येक मुलाला या इतिहासातला एक शब्द पाठ असतो, फक्त तो तिथला आहे हे माहीत नसतं. तो शब्द म्हणजे होमरूल. एप्रिल १९१६ मध्ये टिळकांनी बेळगावला होमरूल लीग स्थापन केली. त्याच महिन्यात डब्लिनमध्ये ईस्टरचा उठाव झाला. ‘होमरूल’ हे नाव आपण आयर्लंडकडूनच घेतलं. आपल्या पाठ्यपुस्तकात तो स्वराज्याचा शब्द आहे. पण २८ सप्टेंबर १९१२ रोजी अल्स्टरमध्ये याच होमरूलच्या विरोधात सह्यांची मोहीम सुरू झाली आणि पावणेपाच लाखांच्या आसपास स्त्री-पुरुषांनी सह्या केल्या. त्यांच्यासाठी होमरूल म्हणजे कॅथलिक बहुमताच्या हाताखाली जाण्याची भीती होती. एकाच शब्दाने एका घरात आशा जागवली आणि शेजारच्या घरात धास्ती. मी वर्गात होमरूल शिकवताना हे सांगितलं, तेव्हा एक मुलगा म्हणाला, “म्हणजे सर, दोघंही खरं बोलत होते?” मला वाटतं, आयर्लंडची सहल करून यायचं ते हा प्रश्न घेऊन.

आता भिंतीकडे येऊ. बेलफास्टमध्ये १९६९ पासून या भिंती उभ्या राहू लागल्या. त्यांना ‘शांतता भिंती’ म्हणतात. शँकिल हा प्रोटेस्टंट भाग आणि फॉल्स हा कॅथलिक भाग, यांच्यामधली भिंत सगळ्यांत प्रसिद्ध. वेगवेगळ्या ठिकाणच्या सगळ्या भिंती एकत्र मोजल्या तर त्यांची लांबी तीस किलोमीटरहून अधिक भरते. काही रस्त्यांवरची लोखंडी दारं आजही संध्याकाळी बंद होतात. करारानंतर त्या पडल्या असतील असं वाटतं, पण काही ठिकाणी त्या उलट वाढल्या. २०१३ साली तिथल्या सरकारने जाहीर केलं की २०२३ पर्यंत सगळ्या भिंती हटवू. ते साल उलटून गेलं, भिंती आहेत. लोकांना विचारलं तर भिंतीला लागून राहणारे अनेक जण म्हणतात, पडावी, पण आज नको. त्यांच्यावर हसू नये. ज्याच्या खिडकीवर दगड आलेला आहे त्याला भिंतीची सोबत वाटते.

प्रवासी येतो, भिंतीवर सही करतो, फोटो काढतो आणि जातो. भिंत आता पाहण्याची जागा झाली आहे. त्यात सगळंच वाईट नाही. काही फेऱ्यांमध्ये एका बाजूचा माजी कैदी आपल्या भागात फिरवतो आणि दाराशी दुसऱ्या बाजूच्या माजी कैद्याच्या हाती सोपवतो. जे एकेकाळी एकमेकांना मारायला निघाले असते, ते आता एकमेकांच्या वेळा सांभाळतात. हे पाहण्यासारखं आहे. पण भिंत फक्त एवढंच सांगते की इथे भांडण होतं. उद्या ते पुन्हा होईल की नाही, हे शाळेचा पट सांगतो.

उत्तर आयर्लंडमध्ये आजही बहुतेक कॅथलिक मुलं कॅथलिक शाळेत आणि बहुतेक प्रोटेस्टंट मुलं सरकारी म्हणवल्या जाणाऱ्या पण प्रत्यक्षात प्रोटेस्टंट वळणाच्या शाळेत जातात. दोन्हीकडच्या मुलांना ठरवून एकत्र शिकवणाऱ्या ‘एकात्म’ शाळा सुमारे सत्तर आहेत आणि त्यांत शंभरातली सात-आठ मुलं शिकतात. करार होऊन पाव शतक उलटल्यावरचा हा हिशेब आहे. करारात मात्र स्पष्ट लिहिलं होतं की सलोख्यासाठी एकत्र शिक्षण आणि मिश्र वस्ती यांना उत्तेजन द्यायला हवं.

गंमत म्हणजे ही कल्पना नवी नाही. १८३१ साली आयर्लंडमध्ये राष्ट्रीय शाळांची व्यवस्था सुरू झाली, तेव्हा उद्देशच असा होता की सर्व पंथांच्या मुलांनी एका वर्गात लिहावं-वाचावं, आणि धर्मशिक्षण ज्याचं त्याने वेगळं घ्यावं. दोन्हीकडच्या धर्मसंस्थांना ते रुचलं नाही. हळूहळू शाळा वाटल्या गेल्या आणि मिश्र शाळेची योजना कागदावर राहिली. पुढे १९८१ साली बेलफास्टमधल्या काही पालकांनी सरकारची वाट न पाहता एका स्काउट हॉलमध्ये २८ मुलांची शाळा सुरू केली. शहरात रोज माणसं मरत होती तेव्हाची ही गोष्ट. लॅगन कॉलेज हे तिचं नाव. ती आज मोठी शाळा आहे. माझ्या विद्यार्थिनीची बस तिथे थांबायला हवी होती.

इथे मला स्वतःबद्दल बोलावं लागेल, नाहीतर हा लेख अप्रामाणिक होईल. मी ज्या शाळेत शिकवतो तिचा पट एकरंगी आहे. हजेरी घेताना एकही देशपांडे, कांबळे किंवा पवार येत नाही. माझे विद्यार्थी दहावीपर्यंत मुसलमान मुलांबरोबरच बसतात. मग बेलफास्टच्या वेगळ्या शाळांवर बोट ठेवायचा मला काय अधिकार?

या प्रश्नाने मी बराच अस्वस्थ होतो, म्हणून कॅथलिक शाळांची बाजू मुद्दाम वाचली. ते म्हणतात, आमच्या शाळांनी दंगे केले नाहीत. ज्या राज्यात आम्हाला नोकरी मिळत नव्हती, तिथे आमच्या मुलांना या शाळांनी शिकवलं, मान वर करून चालायला शिकवलं. यात तथ्य आहे. डेरीच्या सेंट कोलम्ब्स कॉलेजचे दोन माजी विद्यार्थी नोबेलपर्यंत गेले, १९९५ साली कवी शेमस हिनी आणि १९९८ साली जॉन ह्यूम. ह्यूम मुळात शिक्षक, आपल्याच जुन्या शाळेत फ्रेंच शिकवायचे. गुड फ्रायडे कराराचा वैचारिक पाया घालण्यात त्यांचा वाटा मोठा मानला जातो आणि त्यांच्यासोबत प्रोटेस्टंट बाजूचे डेव्हिड ट्रिंबल यांनाही शांततेचं नोबेल मिळालं. म्हणजे वेगळ्या शाळेतूनही पूल बांधणारा माणूस निघतो. उर्दू शाळेबद्दल मी नेमकं हेच म्हणतो. गरीब घरातल्या मुलींना या शाळेने उंबऱ्याबाहेर आणलं. आई-वडिलांनी दुसऱ्या शाळेत पाठवलंच नसतं, अशा कितीतरी मुली आज शिक्षिका, नर्स, वकील आहेत. डब्लिनला गेलेली ही मुलगी त्यांतलीच.

पण युक्तिवाद इथे थांबवला तर आपण स्वतःची फसवणूक करतो. वेगळी शाळा मुलाला आत्मविश्वास देते, शेजारी देत नाही. माझ्या विद्यार्थ्याला पहिला हिंदू मित्र अकरावीत मिळतो. तोवर दोघांच्याही डोक्यात एकमेकांबद्दल जे भरायचं ते मोबाइलने भरलेलं असतं. उत्तर आयर्लंडमध्येही अनेक तरुण सांगतात की दुसऱ्या पंथाच्या माणसाशी त्यांची पहिली खरी ओळख नोकरीत किंवा विद्यापीठात झाली.

तिथे यावर एक मधला मार्ग काढला गेला, तो मला सगळ्यांत शिकण्यासारखा वाटतो. शाळा बंद करू नका, एकत्र करण्याची सक्ती करू नका, पण दार उघडा. याला ते ‘शेअर्ड एज्युकेशन’ म्हणतात. २०१६ साली त्याचा कायदा झाला. दोन शाळा आपापलं नाव, गणवेश, प्रार्थना ठेवतात. पण काही विषय, प्रयोगशाळा, खेळ, नाटक एकत्र करतात. लिमावडी गावात एक कॅथलिक आणि एक सरकारी अशा शेजारशेजारच्या दोन शाळा इमारती वाटून वापरतात. कायद्याने यात आणखी एक अट घातली, ती फार शहाणपणाची आहे. नुसते दोन पंथ नव्हे, गरीब आणि सुस्थितीतली मुलंही एकत्र यायला हवीत. कारण दुरावा फक्त धर्माचा नसतो.

आता सहलीकडे परत येऊ. कारण सहल हे शांततेचं औषध म्हणून तिथे पन्नास वर्षांपासून वापरलं जातं. १९७५ साली न्यू यॉर्कमध्ये ‘प्रॉजेक्ट चिल्ड्रन’ नावाचा उपक्रम सुरू झाला. बेलफास्टची सहा मुलं, तीन कॅथलिक आणि तीन प्रोटेस्टंट, उन्हाळ्याच्या सुट्टीत अमेरिकेत आणली गेली. पुढच्या चाळीस वर्षांत वीस हजारांहून अधिक मुलांनी असा उन्हाळा घालवला. कल्पना साधी होती. ज्या मुलांना घरी एका रस्त्यावर चालता येत नाही, ती परमुलखात एका तळ्यात पोहतील.

त्या मुलांचे अनुभव मनाला भिडणारे आहेत. कितीजणांचं आयुष्य त्या एका उन्हाळ्याने वळलं. पण अशा उपक्रमांवर तिथल्याच अभ्यासकांनी आणि शिक्षकांनी एक रास्त प्रश्न विचारला. मुलं ऑगस्टमध्ये परतली की काय होतं? विमानतळावर मिठी मारून दोघं वेगवेगळ्या गाड्यांत बसतात, भिंतीच्या दोन बाजूंना उतरतात आणि सप्टेंबरमध्ये वेगवेगळ्या शाळेत जातात. त्या काळात ना मोबाइल, ना एकमेकांच्या गल्लीत जायची सोय. मैत्री पत्रांतून थोडी टिकते, मग विरते. मुलांची मैत्री खोटी नसते, पण परतल्यावर ती ठेवायला जागा लागते.

ही जागा तयार करणाऱ्यांत कॉरीमीलाचं नाव घ्यायला हवं. उत्तर किनाऱ्यावर बॅलीकॅसलजवळ समुद्राकाठी हे केंद्र आहे. रे डेव्ही नावाच्या प्रेसबिटेरियन धर्मोपदेशकाने १९६५ साली ते सुरू केलं. दुसऱ्या महायुद्धात ते युद्धकैदी होते आणि ड्रेस्डेन शहराचा विध्वंस त्यांनी जवळून अनुभवला होता. सालाकडे लक्ष द्या, १९६५. दंगे त्यानंतर पेटले. आग लागायच्या आधी विहीर खणून ठेवलेली होती. कॉरीमीलाला दोन शाळांचे वर्ग एकत्र राहायला जातात. स्वयंपाक, भांडी, जेवण, गप्पा आणि मग अवघड प्रश्न, सगळं एकत्र. आणि त्या दोन शाळा एकाच भागातल्या असतील, तर परतल्यावर भेटी चालू राहू शकतात.

सहल म्हटली की मजा आठवते, पण या विषयाची किंमत काय आहे ते एका गावाच्या नावात आहे. ओमा. १५ ऑगस्ट १९९८, आपल्या स्वातंत्र्यदिनाचा दिवस, शनिवार. करार होऊन चार महिने झाले होते. करार नाकारणाऱ्या एका फुटीर गटाने बाजारात मोटारीत बॉम्ब ठेवला. फोनवरचे इशारे गोंधळाचे होते, त्यामुळे पोलिसांनी लोकांना हलवलं ते नेमकं त्या मोटारीच्या बाजूला. २९ माणसं मेली आणि एका आईच्या पोटातली जुळी बाळं. मेलेल्यांत कॅथलिक होते, प्रोटेस्टंट होते आणि स्पेनहून आलेल्या विद्यार्थ्यांच्या सहलीतले दोघं होते. ही मुलं उन्हाळ्यात इंग्रजी शिकायला, आयरिश कुटुंबांत राहायला डोनेगलमधल्या बंक्रानाला आली होती. त्या दिवशी ओमाजवळचं एक लोकसंग्रहालय पाहून ती गावात खरेदीला थांबली. बारा वर्षांचा एक स्पॅनिश मुलगा, सहलीसोबतची २३ वर्षांची तरुणी आणि त्यांच्यासोबत फिरायला आलेले बंक्रानाचे तीन मुलगे परत गेले नाहीत.

मी शाळेच्या सहली नेल्या आहेत. बसमध्ये चढताना आणि उतरताना डोकी मोजली आहेत. म्हणून हा प्रसंग मला पुस्तकातला वाटत नाही. कुणीतरी त्या संध्याकाळीही डोकी मोजली असतील.

त्याच ओमामध्ये आणखी एक जागा आहे. ब्रिटिश लष्कराची जुनी छावणी. ती जमीन आता शाळांना दिली आहे. कॅथलिक आणि सरकारी मिळून सहा शाळा एका आवारात याव्यात, मैदानं आणि प्रयोगशाळा वाटून घ्याव्यात, असा बेत आहे. विशेष गरजा असलेल्या मुलांची शाळा २०१६ साली तिथे सुरू झाली. बाकी शाळांचं काम पैशाअभावी आणि राजकारणात वर्षानुवर्षं रखडलं. सैनिकांच्या आवारात मुलांची मधली सुट्टी व्हायला इतका वेळ लागतो. बॉम्बला एक दुपार पुरली होती. सहलीतल्या विद्यार्थ्यांनी ओमाला जावं. आधी काचेच्या स्मारकापाशी उभं राहावं आणि मग ही अर्धवट जागा पाहावी.

अस्मिता आणि संस्कृती यांबद्दल बोलताना भाषेचा मसला टाळता येत नाही, आणि तो माझ्या पोटापाण्याचाही विषय आहे. आयरिश भाषा म्हणजे कॅथलिकांची भाषा, असं तिथे अनेकांना वाटतं. जसं इथे उर्दू म्हणजे मुसलमानांची आणि मराठी म्हणजे हिंदूंची, असं दोन्हीकडच्या शहाण्यांना वाटतं. पण १८९३ साली ही भाषा जगवण्यासाठी गेलिक लीग स्थापन झाली तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड प्रोटेस्टंट होते, एका पाद्र्याचे चिरंजीव. पुढे १९३८ साली तेच आयर्लंडचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. शँकिल हा प्रोटेस्टंटांचा बालेकिल्ला, पण त्याचं नावच आयरिश आहे. अर्थ जुनं चर्च. बेलफास्ट आणि डेरी ही नावंही आयरिशच.

पूर्व बेलफास्टच्या कट्टर ब्रिटननिष्ठ वस्तीत २०११ साली लिंडा अर्विन या प्रोटेस्टंट बाईंनी आयरिश भाषेचे वर्ग सुरू केले. विरोध झाला, टोमणे आले, वर्ग वाढत गेले. या केंद्राचं नाव ‘तुरस’. आयरिशमध्ये तुरस म्हणजे प्रवास आणि तुरस म्हणजे तीर्थयात्राही. सफर आणि जियारत दोन्हींना एकच शब्द. मला तो फार आवडला. उर्दू शाळेत मराठी शिकवताना पालक कधी विचारतात, “सर, मराठी आपली कुठे?” आता त्यांना मी शँकिलची गोष्ट सांगतो. २०२२ साली ब्रिटिश संसदेने कायदा करून उत्तर आयर्लंडमध्ये आयरिश भाषेला अधिकृत मान्यता दिली आणि त्याच कायद्यात दुसऱ्या बाजूच्या अल्स्टर-स्कॉट्स परंपरेचीही दखल घेतली. कराराचं सूत्रही असंच आहे. तिथे जन्मलेल्या माणसाला स्वतःला आयरिश म्हणवता येतं, ब्रिटिश म्हणवता येतं किंवा दोन्ही. ‘किंवा दोन्ही’ हे दोन शब्द लिहून घ्यायला त्यांना तीस वर्षं आणि साडेतीन हजार जीव लागले.

मुसलमान वाचकांसाठी दोन गोष्टी वेगळ्या सांगायच्या आहेत. आपल्या व्हॉट्सॲप ग्रुपवर आयर्लंड बहुधा दोनच कारणांनी येतं. एक, १८४७च्या दुष्काळात उस्मानी सुलतान अब्दुल मजीद यांनी पाठवलेली हजार पौंडांची मदत. दुसरं, फॉल्स रोडवरची पॅलेस्टाइनची चित्रं. दोन्ही खरं आहे. माझ्या विद्यार्थिनीनेही त्या चित्रासमोर डोळे भरून आल्याचं सांगितलं. मी तिला म्हटलं, पलीकडच्या वस्तीत इस्रायलचे झेंडेही लागतात, पाहिलेस का? यांनी एक झेंडा उचलला की त्यांनी दुसरा उचलायचा, हाही त्यात भाग आहे. परक्या गावात आपलं कौतुक किंवा आपली बाजू शोधत फिरलो तर ते गाव कळत नाही.

दुसरी गोष्ट कडू आहे. उत्तर आयर्लंडमध्ये सुमारे ११ हजार मुसलमान आहेत. ऑगस्ट २०२४ मध्ये इंग्लंडमधल्या एका हत्याकांडाच्या अफवांवरून दंगे उसळले. बेलफास्टमध्येही मुसलमानांची आणि स्थलांतरितांची दुकानं फोडली, जाळली गेली. त्या जमावात ब्रिटिश झेंड्याशेजारी काही आयरिश तिरंगेही दिसले. दोन जुने वैरी एकत्र आले, पण तिसऱ्याच्या विरोधात. त्याला शांतता म्हणत नाहीत. पुढच्याच आठवड्यात त्याच शहरात हजारो लोक वंशद्वेषाच्या विरोधात रस्त्यावर उतरले, त्यांतही दोन्ही पंथांचे होते. म्हणून उत्तर आयर्लंडला आदर्श म्हणून डोक्यावर घेऊ नये आणि ‘तिथेही काही बदललं नाही’ म्हणून झटकूनही टाकू नये. शेजाऱ्यासोबत राहण्याचा सराव दोघांपुरता केला, तर तिसरा आल्यावर तो पुन्हा पहिल्यापासून करावा लागतो.

मग अशी सहल कशी असावी? निघण्याआधी किमान आठवडाभर वाचन हवं, दोन्ही बाजूंचं. डेरीत पोचल्यावर फ्री डेरी संग्रहालय आणि सीज संग्रहालय एकाच दिवशी पाहावं. पहिल्यात ३० जानेवारी १९७२च्या गोळीबारात मारल्या गेलेल्या निःशस्त्र नागरिकांची आठवण आहे, दुसऱ्यात १६८९ साली वेढ्यात उपाशी राहून शहर लढवणाऱ्या प्रोटेस्टंटांची. दोन्ही इमारतींत चालत जाण्याइतकंच अंतर आहे. एक दिवस शाळेत घालवावा, शक्य तर दोन शाळांचा एकत्र तास पाहावा. एखाद्या शिक्षकाला विचारावं, की हजेरीत कुठली नावं येतात आणि कुठली येत नाहीत. ‘तुरस’च्या वर्गात बसून चार शब्द शिकावेत. आणि परतल्यावर प्रत्येकाने आपल्या गावातल्या दुसऱ्या बाजूच्या एका शाळेत जाऊन तो अनुभव सांगावा. हे शेवटचं कलम नसेल तर बाकीच्यांचा उपयोग निम्मा.

हे कलम मी आधी स्वतःला लावलं. आमच्या शाळेपासून दहा मिनिटांवर मराठी माध्यमाची एक शाळा आहे. वीस वर्षांत मी तिच्या फाटकातून आत गेलो नव्हतो. गेल्या महिन्यात गेलो. तिथल्या मराठीच्या बाईंना म्हटलं, आठवीचा एक तास आपण एकत्र घेऊ या का, एकदा तुमच्याकडे, एकदा आमच्याकडे. त्यांनी आधी चहा मागवला, मग वेळापत्रक काढलं. दोन्हीकडच्या मुख्याध्यापकांची परवानगी अजून यायची आहे. पालक काय म्हणतील हेही माहीत नाही. मुलांना मात्र सांगून टाकलं आहे. आमच्या वर्गातला पहिला प्रश्न होता, “सर, त्यांच्याकडे मैदान आहे का?”

डब्लिनच्या पोरीला हे कळवलं. तिचं उत्तर लगेच आलं, “सर, पुढच्या वेळी बेलफास्टला गेले की शाळा बघूनच येईन. तुम्ही तोवर तुमची भिंत बघा.”